सिगरेट सोडली तर रात्री खाली कशाला जाऊ? (आपल्या लोकांसाठी धागा)

तिसरा_मजला

व्यसनमुक्तीवरचे इथले जुने धागे वाचून काढले. चांगले आहेत, पण प्रत्येक धाग्यात चौथ्या-पाचव्या प्रतिसादापर्यंत "बायकोमुलांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा" येतंच. माझ्या डोळ्यांसमोर जो चेहरा येतो त्याचं नाव घरात घ्यायची सोय नाही, शिवाय तो स्वतःच दिवसाला पाकीट संपवतो. म्हणून हा वेगळा धागा. गे, लेस्बियन, बाय, ट्रान्स, जमातीतले (हिजडा समाजातले), जे कोणी सिगरेट-विडी-तंबाखू सोडताय, सोडलीय किंवा नुसतंच मनात घोळतंय, त्यांनी लिहा.

माझी अडचण सांगतो. पुण्यात आईबाबांबरोबर राहतो, घर लहान, भिंती पातळ. रात्रीची जेवणं झाली की "जरा खाली जाऊन येतो" म्हणून चपला घालतो. मी सिगरेट ओढायला जातो हे घरी सगळ्यांना माहीत आहे. आई भांडी आपटते, बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात, बोलत कोणीच नाही. आणि मी पार्किंगमध्ये उभा राहून त्याच्याशी फोनवर बोलतो. दिवसभरात मोकळं बोलायला तेवढाच वेळ. आईला वाटतं, मुलाचं गुपित आपल्याला कळलंय. वाटू दे. एक गुपित सापडलं की माणसं दुसरं शोधत नाहीत, म्हणूनच ते मी कधी नीट झाकलं नाही.

आता सोडायचं ठरवलंय. तिसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते आणि अजून चाळिशीही आलेली नाही. तलफेचं काय ते बघून घेईन. पण सिगरेट सोडली असं घरी जाहीर केलं की रात्री खाली कशाला जाऊ?

दुसरं दुखणं शनिवारचं. आमचा ग्रुप भेटतो तिथे आत गाण्यांचा इतका दणका असतो की खरं बोलणं होतं ते बाहेर, ओढणाऱ्यांच्या कोपऱ्यात. कोणाचं जुळलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या घरी कळलं, सगळं तिथेच. सोडली म्हणून मी आत एकटा सोडा पीत बसू का?

वेलदोडा

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर रात्री.

सडेतोड_सदू

व्यसन ते व्यसन. तू कोणावर प्रेम करतोस ते फुप्फुस विचारतं का? सगळ्यांचा एक धागा असताना हे वेगळं ताट कशाला? मी कॉलेजपासूनची विडी एका दिवसात सोडली. निश्चय लागतो, बास.

डॉ_ओवा

सदूभाऊ, तुम्ही सोडलीत त्याबद्दल मनापासून कौतुक. छातीविकाराची डॉक्टर म्हणून सांगते, कसलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. तुम्ही त्यातले. बाकीच्यांचं काय करायचं यासाठी असे धागे लागतात.

फुप्फुस विचारत नाही हे खरं, पण सिगरेट हातात कशी येते ते प्रत्येकाचं निराळं असतं. अमेरिकेत २०२० च्या राष्ट्रीय पाहणीत समलिंगी आणि उभयलिंगी प्रौढांमध्ये सिगरेट ओढणारे सुमारे १६ टक्के निघाले, भिन्नलिंगींमध्ये सुमारे १२. आपल्याकडच्या 'गॅट्स' या प्रौढांच्या तंबाखूवापराच्या पाहणीत हा प्रश्न विचारतच नाहीत, त्यामुळे आपला आकडाच नाही. आकडा नाही म्हणून माणसं नाहीत असं मात्र नाही, माझ्या ओपीडीत येतात. इलन मायर या संशोधकानं २००३ मध्ये अल्पसंख्य असण्याच्या ताणाची नीट मांडणी केली: रोज काय बोलायचं, काय गाळायचं, कोण बघतंय याचा हिशेब ठेवण्यानं जो दमवणारा ताण येतो तो बाकीच्या ताणांवर आणखी चढतो. धागाकर्त्यानं पार्किंगचं लिहिलंय ते वाचा पुन्हा एकदा.

सडेतोड_सदू

बरं. वाचतोय.

बे_एरियाचा_बाळू

सदूभाऊंच्या "वेगळं ताट कशाला"वर एक. ताट वेगळं आधी कंपन्यांनी वाढलंय.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. इथल्या कॅस्ट्रो भागात गे वस्ती आणि टेंडरलॉइनमध्ये बेघर लोक. १९९० च्या दशकाच्या मध्यावर आर. जे. रेनॉल्ड्स या सिगरेट कंपनीनं या दोन वस्त्यांसाठी विक्रीची योजना आखली. नाव 'सबकल्चर अर्बन मार्केटिंग', आद्याक्षरं जोडली की 'स्कम', म्हणजे गाळ. कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण एका प्रतीवर ते नाव हातानं खोडून दुसरं लिहिलेलं आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतली राज्यं आणि सिगरेट कंपन्या यांच्यात झालेल्या मोठ्या तडजोडीनंतर कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं लोकांना खुली झाली, म्हणून हे कळलं.

त्याच्या आधीची गोष्ट जास्त बोचरी आहे. १९९० मध्ये ॲक्ट-अप या एड्सवरच्या चळवळीनं मार्लबरोवर बहिष्कार घातला होता. कारण आरोग्याचं नव्हतं. फिलिप मॉरिस कंपनी जेसी हेल्म्स या समलिंगीद्वेष्ट्या सेनेटरला पैसा पुरवत होती, म्हणून. पुढे कंपनीनं एड्ससाठी देणग्या वाढवायचं कबूल केलं, बहिष्कार मिटला, आणि १९९२ मध्ये त्याच कंपनीची सिगरेटची जाहिरात गे मासिकात झळकली. तेव्हा इथल्या कित्येकांना तो मान वाटला. आपल्याला कोणीतरी गिऱ्हाईक समजतंय हेच त्या काळात अप्रूप होतं. मला त्या लोकांचा राग येत नाही. औषधाला पैसा नव्हता, मित्र मरत होते, देणगी कोण नाकारणार?

उतारही इथूनच निघाला. याच शहरात आपल्याच लोकांनी आपल्यासाठी 'द लास्ट ड्रॅग' नावाचे मोफत वर्ग काढले. गटानं बसायचं, सोडायची तारीख ठरवायची, एकमेकांना फोन करायचे. मी त्यातल्याच एका वर्गात बसून सोडली. पहिल्या दिवशी मला कोणीही बायकोबद्दल विचारलं नाही, अर्धं काम तिथेच झालं.

खारा_वारा

मी मुंबईचा, साठीला टेकलोय. आमच्या वेळी ॲपं नव्हती. अनोळखी माणसाजवळ जायचं तर "माचिस आहे का?" हे एकच सभ्य वाक्य होतं. समोरचा पेटी नुसती हातात देतो, की काडी ओढून ज्योत विझू नये म्हणून आपल्या हाताभोवती हात धरतो, आणि धरला तर किती वेळ, यावरून पुढचं ठरायचं. नंतर कुलाब्यात वूडू या क्लबात आपल्या लोकांच्या शनिवारच्या रात्री सुरू झाल्या, तिथेही आत नाचणारे वेगळे आणि बाहेर धूर काढत गप्पा मारणारे वेगळे. मी मुळात ओढणारा नव्हतो. कोणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून ओढायला लागलो.

सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली. मला एचआयव्ही आहे हे त्याच्या आधी कळलं होतं. तेव्हा हिशेब सरळ होता, आता राहिलीत किती वर्षं, ओढून घे. गोळ्यांनी तो हिशेब पार उलटवला. व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) कित्येक वर्षं सापडतच नाही, आणि गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली ती सिगरेटमुळे. हृदयाच्या डॉक्टरांनी एचआयव्हीची फाइल बघितली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "दिवसाला किती?" त्या दिवसापासून बंद आहे.

तिसऱ्या मजल्या, तुझ्या शनिवारबद्दल. कोपरा सोडू नकोस. हातात काहीतरी धर, लिंबू सोड्याचा ग्लास, नाहीतर बाटली. हात रिकामा राहिला की कोणीतरी त्यात सिगरेट ठेवतंच, प्रेमानंच ठेवतात.

डॉ_ओवा

काकांच्या लिहिण्याला जोडून: डेन्मार्कमध्ये औषधं सुरू असलेल्या एचआयव्ही रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. त्यांच्या आयुष्यातून धूम्रपानानं सुमारे १२ वर्षं नेली, एचआयव्हीनं सुमारे ५. तिथे उपचार वेळेवर आणि सगळ्यांना मिळतात, हे धरून वाचायचं. आपल्याकडे वर टीबी आहे. धूम्रपानानं टीबीचा धोका दुपटीच्या पुढे जातो आणि एचआयव्ही असेल तर तो मुळातच जास्त.

पण कोपऱ्यात उभं राहण्यावर माझं मत वेगळं. निकोटीन सुटल्याचा त्रास पहिले दोन-तीन दिवस शिखरावर असतो, नंतर तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तेवढे शनिवार तरी जाऊ नये. त्यात दारू असली तर अजिबातच नाही.

खारा_वारा

डॉक्टरताई, तुमचं पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण महिनाभर आपल्या माणसांत गेला नाही तर हा घरात एकटा पडेल आणि एकटा पडला की ओढेल. आमच्यात असे पाहिलेत.

वेलदोडा

आले. आम्ही दोघी ठाण्यात राहतो. घरमालकांच्या लेखी मावसबहिणी. बाईनं टपरीवर उभं राहून सिगरेट ओढली की चारी बाजूंनी नजरा, म्हणून आमचा कारभार गॅलरीत, दिवा बंद करून.

आईला माझ्या बॅगेत पाकीट सापडलं तेव्हा ती रडली. त्याच्या थोडंच आधी तिला हिच्याबद्दल सांगितलं होतं, तेव्हा नुसतं "बरं" म्हणाली होती. पाकिटावर मात्र, "हे तिनंच शिकवलं ना तुला?" शिकवलं मी होतं. हिनं आईची समजूत तशीच राहू दिली, अजूनही वाईटपणा घेऊन बसलीय बिचारी.

मुद्दा जोडीनं सोडण्याचा. एका घरात दोघी ओढणाऱ्या असल्या की एकीची तलफ दुसरीला लागते. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नाच्या हक्काचा निकाल आम्ही मोबाइलवर थेट बघत होतो. तोवर दोघींची छान सुटली होती. निकालवाचन चालू असतानाच, हक्क मिळत नाही हे कळलं तशी ही उठून खाली गेली आणि पाकीट घेऊन आली. मी एक शब्द बोलले नाही, हात पुढे केला.

पुढच्या खेपेला नियम केला: एकीचं बिनसलं की दुसरीनं तिला घराबाहेर काढायचं आणि तलावपाळीला एक फेरी मारून आणायची. तलफ चार-पाच मिनिटांत उतरते असं ऐकलं होतं, खरंच उतरते. दोघींना एकदम आली तर? मग भांडतो. भांडणातही हात गुंतलेले राहतात :)

चंची

सगळे सिगरेटवालेच दिसतात हितं. आमच्यात सिगरेट कमी. मी सोलापूरकडची, जमातीतली. आमच्यात सकाळी उठल्या उठल्या मशेरी, मग दिवसभर बार. मंगतीला (पैसे मागायला) निघालं की उन्हातान्हात पोटात काही नसतं, तंबाखूचा बार धरला की भूक मरते. गुरूला मळून मीच देते. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखानं चुना, अंगठ्यानं घोळायचं, दोन टाळ्या मारून भुसा उडवायचा. ते करताना चिमूट आपल्याही तोंडात जाते, कळतसुद्धा नाही.

सोडायची म्हटलं तर कुणाला विचारायचं? एका दवाखान्यात दात दाखवायला गेले तर बायकांच्या रांगेतून पुरुषांच्या रांगेत, तिथनं परत हिकडं. माझा नंबर यायच्या आधीच मी निघून आले. आता तिखट लागलं की तोंडात आग होते.

डॉ_ओवा

चंचीअक्का, तुमचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात गरजेचा. २०१६-१७ च्या गॅट्समध्ये महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू, मशेरी, गुटखा असं तोंडात धरणारे २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असून ही गत. आपल्या राज्याचं दुखणं तोंडातलं आहे.

आत्ता आरशासमोर उभं राहून दोन गोष्टी करा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं एकावर एक उभी दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, सुपारी खात असाल तर ती आजच बंद. गालाच्या आतून, जिभेच्या कडेला आणि चुना-तंबाखू धरता त्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम आहे का बघा. तिखटानं आग होणं ही खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. या आठवड्यातच दंतवैद्याला दाखवा. रांगेचा त्रास व्हायला नको म्हणून कोणाला तरी बरोबर न्या, जमातीसोबत काम करणाऱ्या संस्थेतला माणूस असला तर उत्तम, त्यांना कुठल्या दारानं जायचं ते माहीत असतं.

चंची

तीन जात न्हाईत. दोन जातात. सोमवारी जाते. मळून द्यायचं काम धाकट्या चेल्याकडं दिलं आजपासनं. गुरू म्हणाली, त्याच्या हाताला चव नाही.

कोल्हापुरी_ठसका

ट्रान्स पुरुषांसाठी लिहितो. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू होऊन थोडे महिने झाले होते, आवाज फुटत होता. टपरीवर गोल्ड फ्लेक मागितली तर पानवाला न बघता म्हणाला, "घ्या भाऊ." आयुष्यात पहिल्यांदा! त्या 'भाऊ'साठी मी रोज जायला लागलो. (राज्यात सुट्या सिगरेटी विकायला २०२० पासून बंदी आहे म्हणे. असेल, आमच्या पानवाल्याला कोणी कळवलेलं नाही.)

मग छातीच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जनकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला आणि सांगितलं की आधी आणि नंतर मिळून काही आठवडे निकोटीन शून्य. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, निपल उचलून पुन्हा बसवतात तिथे रक्त पोचलं नाही तर ते काळं पडून गळून जाऊ शकतं. लघवीत कोटिनिन (निकोटीन घेतल्याची खूण) तपासणार होते, म्हणजे थापही चालणार नव्हती. ऑपरेशनची तारीख हेच माझं औषध झालं. महत्त्वाचं: निकोटीन गम आणि पॅचमध्येही निकोटीनच असतं, म्हणून ऑपरेशन ठरलं असेल तर गम चालेल का ते सर्जनला विचारूनच.

टपरीवर अजून जातो. चहा घेतो. "काय भाऊ, बंद केली?" म्हणाला. भाऊ आहेच.

डॉ_ओवा

अगदी बरोबर. आणखी दोन ओळी: इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांमध्ये धूम्रपानानं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. टेस्टोस्टेरॉननं रक्त दाट होऊ शकतं, धूम्रपानानंही होतं, दोन्ही एकत्र नकोत. पण म्हणून हार्मोन स्वतःच्या मनानं बंद करू नका. बंद करायची ती सिगरेट. आणि मैत्रिणीकडून किंवा नेटवरून हार्मोन घेत असाल तरी डॉक्टरला खरं सांगा.

पावभाजी_जादा_बटर

पाकिटावरचा नंबर लावून पाहिला, १८००-११-२३५६. फुकट आहे. गंमत बघा, हा नंबर पाकिटावर छापणं सक्तीचं झालं १ सप्टेंबर २०१८ पासून आणि समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल आला ६ सप्टेंबरला. एकाच आठवड्यात दोन दारं उघडली, मी दोन्हींतून उशिरा गेलो.

मराठी बोलणाऱ्या समुपदेशक मिळाल्या. उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, कुठे ओढता, आधी सोडायचा प्रयत्न केला होता का, असं सगळं नीट विचारलं. मग आलं ते आलंच: "लग्न झालंय का? घरी मदत कोण करेल?" मी म्हटलं पार्टनर. "त्या ओढतात का?" छातीवर दगड ठेवून म्हटलं, "तो." पलीकडे की-बोर्डची टकटक झाली आणि मग, "बरं, ते ओढतात का?"

त्या 'ते'नं मला जे बळ दिलं ते सांगू शकत नाही. पुढे अगदी कामाचं बोलल्या. दोघांनी एकच तारीख धरा, घरातले ॲश-ट्रे आणि लायटर आदल्या रात्री टाका, त्यांना जमणार नसेल तर निदान तुमच्यासमोर आणि घरात ओढू नका म्हणावं. नंतर त्यांच्याकडूनच चौकशीचा फोन येतो.

गप्प_गुमान

फोन येतो हेच तर नको आहे. मी गावी आहे, फोन कोणीही उचलतं. काय सांगू घरी?

पावभाजी_जादा_बटर

सिगरेट सोडायचं मार्गदर्शन घेतोय म्हणून सांग. आयुष्यात एकदा तरी घरच्यांना खरं सांगायची संधी मिळतेय, घे. आणि पार्टनरबद्दल सांगायलाच पाहिजे असं काही नाही, 'मित्र मदत करेल' एवढंही चालतं.

फुलपाखरू_नाशिक

व्हेप करा ना सरळ. वास नाही, घरी कळत नाही, मँगो फ्लेवर मिळतो.

डॉ_ओवा

२०१९ च्या कायद्यानं ई-सिगरेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. जी मिळते ती चोरून आलेली, आत काय आणि निकोटीन किती याचा पत्ता नाही. घरी कळत नाही हाच तिचा तोटा समजा, माणूस अंथरुणातही ओढत राहतो.

निकोटीन गमबद्दल व्यनितून (खाजगी निरोपातून) बरेच विचारताहेत, इथेच लिहिते. २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो च्युइंगगमसारखा चावत सुटायचा नाही. हळू चावा, तोंडात तिखट चुणचुण झाली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावा. असा अर्धा तास. भराभर चावला की निकोटीन पोटात जातं, उचक्या आणि मळमळ होते, आणि मग लोक म्हणतात गमचा उपयोग नाही. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी-सरबत नको, आंबट-तुरट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही.

आणि चहाचं एक, जे कोणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा फार झपाट्यानं करतं. सिगरेट थांबली की तो वेग मंदावतो, म्हणजे तेवढ्याच कपांत कॅफीन अंगात जास्त साठतं. छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, आणि माणसाला वाटतं ही तलफच. पहिल्या आठवड्यापासून चहा निम्मा करा. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचंही असंच होतं, ओलान्झापिन आणि क्लोझापिनचं ठळकपणे. त्या घेत असाल तर सोडण्याआधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवा, डोस बदलावा लागू शकतो. वारेनिक्लिन किंवा बुप्रोपियॉन हवं असेल तर ते चिठ्ठीवरच, आणि फिट येणाऱ्यांना बुप्रोपियॉन नाही.

सडेतोड_सदू

धागा पूर्ण वाचला. तिसऱ्या मजल्या, तुझ्या जिन्याच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही. सोपं आहे. शतपावली. जेवणानंतर शतपावलीला जातो म्हटलं तर महाराष्ट्रात कोणाचीही आई अडवणार नाही. उलट कौतुक करेल.

वेलदोडा

सदूभाऊ _/\_

तिसरा_मजला

सदूभाऊंचं ऐकलं. घरी सांगितलं, सोडली, आता शतपावली करणार. आई म्हणाली, "थांब, मीही येते."

पावभाजी_जादा_बटर

मेलो!

बे_एरियाचा_बाळू

हसून हसून ऑफिसात लोक बघायला लागले. पुढे?

तिसरा_मजला

पुढे चार-पाच रात्री आई बरोबर. तो तिकडे फोन हातात धरून बसलेला आणि मी इकडे शेजारच्या बिल्डिंगमधल्या लग्नाची हकीकत ऐकतोय. तलफ अशी यायची की कठडा चावावा. मग आईला सोसायटीच्या बाकावरच्या बायका सापडल्या. आता ती दोन चकरा मारते आणि तिथे बसते. मी पुढच्या चकरा कानात इअरफोन घालून. सिगरेट होती तेव्हा तिच्या मनानं दहा मिनिटं धरलेली असायची, जरा जास्त झाली की वर गेल्यावर तोंड वाकडं. आता अर्धा तास झाला तरी बाकावरून हात हलवते.

तो अजून ओढतो. फोनवर लायटरचा आवाज येतो, मी ओरडतो, तो म्हणतो मेणबत्ती लावतोय.

शनिवारी डॉक्टरांचं आणि काकांचं, दोघांचंही अर्धं-अर्धं ऐकलं. क्लबला गेलो नाही. त्याऐवजी ग्रुपवर लिहिलं की रविवारी सकाळी वेताळ टेकडीला कोण येतंय? ओढणारे तिघं आले, त्यातला एक चढावरच बसला आणि त्यानं खिशातलं पाकीट मला दिलं, परत मागू नये म्हणून. मी ते तिथेच पाण्यात भिजवलं. माझ्या खिशात राहिलं असतं तर मी काही संत नाही.

गप्प_गुमान

एक सुचवतो. इथे रात्री कोणी ना कोणी जागं असतं. तलफ आली की फक्त "आली" लिहायचं. जो बघेल त्यानं उत्तर द्यायचं. बाकी काही लिहायची गरज नाही.

कोल्हापुरी_ठसका

+१

गप्प_गुमान

आली.

खारा_वारा

पाणी पी. मोठा ग्लास. घोट घोट. मी आहे.

गप्प_गुमान

प्यायलो. अंगणात आलोय. काका, वूडूत प्रवेशाला पैसे पडायचे का हो?

खारा_वारा

पडायचे. आणि आत गेल्यावर घड्याळाकडे लक्ष ठेवायला लागायचं, शेवटची लोकल चुकली की चर्चगेटला पहाटेपर्यंत बसायचं. एकदा आम्ही पाच जण असेच बसलो होतो, त्यातला एक गिरगावातला, घर चालत जाण्याएवढं जवळ, तरी आमच्यासाठी थांबला. गेली का?

गप्प_गुमान

गेली. त्या गिरगावकराचं पुढे काय झालं?

खारा_वारा

उद्या आली की सांगतो.

चंची

दाखवून आले. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. संस्थेतली पोरगी बरोबर होती, रांगेत कुणी काही बोललं नाही. डॉक्टर म्हणाले मशेरीपण बंद. सकाळी मशेरीशिवाय पोटच साफ होत न्हाई, त्याला काय करू?

डॉ_ओवा

शाब्बास अक्का. निकोटीननं आतड्याला चालना मिळते, ती गेली की पहिले काही आठवडे असं होतं, नंतर आपोआप बसतं. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, जेवणात भाजी-भाकरी जास्त. फार झालं तर इसबगोल. रिपोर्ट आला की इथे किंवा व्यनित कळवा.

मुलुंडचा_अस्वल्या

वाचनमात्र होतो, आता विचारतोच. पॅच आणलाय. डॉक्टर, पाकिटावर लिहिलंय केस नसलेल्या जागी लावा. मी अस्वल गटातला (गे लोकांतले धिप्पाड, केसाळ) आहे, अशी जागा माझ्या अंगावर नाही. दंडावर लावला तर लोकलमध्ये घामानं सुटून शेजारच्या काकांच्या शर्टाला चिकटला.

खारा_वारा

त्या काकांची सुटली का विचार.

डॉ_ओवा

दंडाची बाहेरची बाजू किंवा खांद्यामागची जागा बघा. केस कात्रीनं बारीक करा, वस्तरा नको, सोललेल्या कातडीवर पॅच चुरचुरतो. साबणानं धुऊन पूर्ण कोरडं करा, तेल-मॉइश्चरायझर काही नको, लावल्यावर तळव्यानं दहा सेकंद दाबून धरा. सकाळी घरातून निघायच्या बरंच आधी लावा, म्हणजे घाम यायच्या आत चिकटलेला असेल. रोज जागा बदलायची. सुटलाच तर वरून कागदी चिकटपट्टी लावा. आणि जुना पॅच घडी घालून कचऱ्यात टाका, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर खास.